बिडाचं इंजिन

“...मग अजून किती ताकद निघेल, उस्ताद?”

अभिनंदन चौगुलेनं हे तिसऱ्यांदा विचारलं होतं. दस्तगीर उस्ताद गाडीभोवती फिरत होते आणि मी दारात उभा राहून बघत होतो.

माझं लेथचं शेड उस्तादांच्या गॅरेजला लागून आहे. कोल्हापुरात, उद्यमनगरात, आमची भिंत एक आणि मीटर दोन. मी सदाशिव सुतार. उस्तादांना काही कातून हवं असलं की ते भिंतीवर पाना आपटतात आणि मी जातो. त्या दिवशी पाना आपटला नव्हता. गाडी बघून माझा मीच गेलो होतो.

गाडी होतीच तशी. अडीचशे सीसीची मोटोक्रॉस, मातीत उड्या मारत पळवायची. दिवा नाही, हॉर्न नाही, नंबरप्लेट नाही. रस्त्यावर आणली तर पोलीस धरतील, म्हणून टेम्पोत घालून आणलेली.

“पिस्टन जपानचा,” अभिनंदन सांगत होता. “हेड मी स्वतः घासलंय. कार्बोरेटर मोठा बसवलाय. सायलेन्सर पाच वेळा वेल्ड केला, सहाव्यांदा मनासारखा झाला. दहा महिने लागले.”

“सगळं तूच केलंस?”

“सगळं मीच.”

खोटं नव्हतं ते. पोरगा सव्वीस वर्षांचा, पुण्याहून इंजिनिअर होऊन आलेला. वडिलांचे इचलकरंजीत यंत्रमाग. तरी हात काळे करायची लाज नव्हती. मान तेवढी जरा ताठ होती. पण अशी गाडी स्वतः बांधल्यावर कुणाचीही होईल म्हणा.

उस्तादांनी गाडी स्टँडवर घेतली, खाली बसले आणि मागचं चाक हातानं फिरवलं. ते थांबेपर्यंत बघत राहिले.

“पडतोस कुठं?”

पडण्याबद्दल अभिनंदन अजून एक शब्द बोलला नव्हता. मग त्यानं डाव्या हातानं उजवं मनगट चोळलं.

“उडीवर. यंदा तीन शर्यती झाल्या, हौशी गटातल्या. तिन्हींत पुढं होतो. तिन्हींत मोठ्या उडीवर हवेत गाडीचं नाक खाली गेलं.”

“मग?”

“एकदा मनगट मोडलं. एकदा गळ्याचं हाड. एकदा नुसतंच सोललं.”

“घरात काय म्हणत्यात?”

“अण्णा म्हणतात, आता प्लास्टर घालून आलास तर गाडी भंगारात आणि तू दुसऱ्या दिवसापासून मागावर.”

“बोलल्यासारखं करत्यात?”

“माझ्या थोरल्या भावाचा तबला असाच देऊन टाकलाय त्यांनी.”

उस्तादांनी मान डोलावली. बापाचं म्हणणं त्यांना पटलं की तबल्याचं वाईट वाटलं, ते काही कळलं नाही.

मोसमातली शेवटची शर्यत तेवीस दिवसांवर होती. म्हणजे पोराच्या हातात तेवीस दिवस होते आणि न मोडलेली अशी फारशी हाडं नव्हती.

“मी कारण शोधलंय,” तो म्हणाला. फरशीवर बसून खडूनं त्यानं चाकं काढली, बाण काढले. “हे बघा. हवेत मागचं चाक जोरात फिरत राहिलं तर नाक वर राहतं. चाक मंदावलं की नाक खाली. साधं शास्त्र आहे. माझं इंजिन उडीच्या टोकाला दम टाकतं, चाक मंदावतं, गाडी नाकावर येते. म्हणून म्हणतोय, ताकद वाढवा.”

उस्तादांनी चष्मा वर करून चित्र नीट बघितलं.

“बरोबर काढलंयस.”

अभिनंदन खूश झाला.

“आता इंजिन उतरीव,” उस्ताद म्हणाले.

चाळीस मिनिटांत त्यानं इंजिन उतरवलं. हात साफ होता, मला मान्य करावंच लागलं. उस्तादांनी ते काट्यावर ठेवलं. सत्तावीस किलो भरलं. मग ते आत नेऊन कपाटात ठेवलं, बराच वेळ तिथं काहीतरी करत बसले आणि बाहेर येऊन भिंतीवर पाना आपटला. मी दीड हातावर उभा होतो.

“सदा, फाउंड्रीतनं बिडाचा ठोकळा आण. सत्तावीस किलोचा. ह्या खाचेत बसंल असा. बोल्टाची भोकं तू पाड.”

“कशाला?”

“भोकं पाड म्हणतोय न्हवं.”

बीड म्हणजे ओतीव लोखंड. त्याचा ठोकळा कुणालाही न लागणारा. पस्तीस वर्षं लेथवर आहे, पण असलं बिनकामाचं काम मी कधी केलं नव्हतं. केलं मात्र चोख, कारण उस्ताद अर्ध्या मिलिमीटरला नाक मुरडतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी अभिनंदन आला. इंजिनाच्या जागी ठोकळा बसला होता. चेन काढून टाकली होती. ब्रेक मात्र दोन्ही होते, आणि तेल-पाणी करून एकदम नीट होते.

तो कितीतरी वेळ बघत राहिला.

“हे काय?”

“इंजिन.”

“थट्टा करताय माझी?”

“बसायचं आणि उतारावरनं सोडायची. तेवीसातला एक दिवस गेला.”

पोराचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, आता काहीतरी फेकून मारतो. पण घरचं वळण चांगलं होतं. आवाज न चढवता म्हणाला, “उस्ताद, लोक तुमचं नाव घेतात म्हणून आलो. बिडाचा दगड घसरगुंडीवर ढकलायला नाही आलो. माझं इंजिन द्या.”

उस्तादांनी खिशातून कपाटाची किल्ली काढून लगेच पुढे केली.

“घे की. तुझंच हाय.”

तो तरातरा आत गेला. कपाट उघडल्याचा आवाज आला. मग काहीच आवाज येईना.

मी डोकावलो. इंजिन स्वच्छ फडक्यावर ठेवलेलं होतं. धूळ जाऊ नये म्हणून त्याची सगळी तोंडं धुतलेल्या कपड्याच्या बोळ्यांनी बंद केलेली होती. बोल्ट ज्या क्रमानं निघाले त्याच क्रमानं तारेत ओवून ठेवलेले, एकेक पुसून. अभिनंदन ती तार हातात धरून उभा होता. स्वतःच्या हातानं गाडी बांधणाऱ्या माणसाला असली गोष्ट बरोबर कळते.

त्यानं कपाट लावलं, किल्ली आणून उस्तादांच्या हातात दिली.

“किती दिवस?”

“मला काय म्हाईत,” उस्ताद म्हणाले. “मी गाडीवर न्हाई.”

जोतिबाच्या वाटेवर एक मोठा उताराचा माळ आहे. तिथं आम्ही मुरूम रचून पुरुषभर उंच उडी केली. पलीकडे जिथं गाडी उतरणार तिथं उसाचं पाचट अंथरलं. चांगलं गुडघाभर. प्लास्टरची आठवण उस्तादांनाही होती.

अभिनंदन वरून गाडी सोडायचा. आवाज असा नाहीच. टायरखाली खडे वाजायचे, वारा कापायचा आणि गाडी वेग घ्यायची. उडी यायची. गाडी वर जायची.

आणि नाक खाली.

पहिल्यांदा तो पाचटात तोंडावर आला तेव्हा मी धावलो. उस्ताद जागचे हलले नाहीत.

अभिनंदन उठला. हेल्मेटमधून पाचटाची पानं काढत म्हणाला, “पुढचे शॉकअप फार कडक आहेत.”

उस्तादांनी पाना घेतला, शॉकअप नरम केले.

पुन्हा नाक खाली.

“आता फार नरम झाले.”

उस्तादांनी थोडे कडक केले.

“हँडल खाली आहे.”

हँडल वर घेतलं.

“टायरमध्ये हवा जास्त आहे.”

हवा सोडली.

संध्याकाळपर्यंत गाडी सात वेळा बदलली आणि सातही वेळा नाकावर आली. दर वेळी गाडी ढकलत वर न्यायची ती त्यानंच. मी हात लावायला गेलो तर उस्तादांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. सत्तावीस किलोचं बीड घेऊन चढ चढताना पोराचा दम निघत होता. मला रागच आला उस्तादांचा. परतताना टेम्पोत मी म्हटलं, “तुम्हाला ठाऊक असेल तर सांगून टाका की त्याला. पोरगं मरंल.”

“पाचट हाय की.”

एवढंच बोलले. कोल्हापूर येईपर्यंत गूळ-शेंगदाणे खात बसले, मला विचारलंही नाही.

असे तीन दिवस गेले. इंजिनाचं नाव कुणी काढलं नाही. काढणार कसं? इंजिन कपाटात होतं आणि नाक तरी खाली जात होतं. फरशीवरचं खडूचं चित्र अजून पुसलं नव्हतं, पण अभिनंदन त्याच्यावरून चालताना खाली बघत नसे.

चौथ्या दिवशी उस्तादांनी चुना आणला आणि मागच्या टायरवर एक पट्टा ओढला, बोटभर रुंद.

“सदा, तू त्या पट्ट्याकडं बघायचं. गाडीकडं बघायचं न्हाई, पोराकडं बघायचं न्हाई.”

मी उडीच्या बाजूला उकिडवा बसलो. अभिनंदननं गाडी सोडली. चाक फिरायला लागलं तसा पट्टा दिसेनासा झाला, नुसतं पांढरट कडं दिसायला लागलं. कडं माझ्या पुढ्यातून वर चढलं, मुरुमावरून सुटलं, हवेत गेलं.

आणि हवेत मला पट्टा दिसला. अगदी स्वच्छ.

मग नाक खाली, मग पाचट, मग अभिनंदन.

तो कपडे झाडत आमच्याकडे आला. उस्तादांनी त्याच्यासमोरच मला विचारलं, “काय दिसलं?”

मला सांगावंसं वाटेना. माणूस चार दिवस घाम गाळतोय, त्याला तोंडावर काय सांगायचं?

“सदा, काय दिसलं?”

“पट्टा दिसला.”

“फिरताना?”

“नाही. चाक थांबलं होतं. हवेत.”

अभिनंदन माझ्याकडे बघत राहिला. “शक्यच नाही.”

त्यानं चाकाच्या आसावर बोट टेकवलं.

“बेअरिंग धरत असेल,” तो म्हणाला.

उस्तादांनी गाडीचं मागचं अंग उचलून धरलं. अभिनंदननं चाकाला झटका दिला. ते फिरत राहिलं... फिरत राहिलं. उस्तादांचे हात भरून आले असतील, पण ते चाक आपोआप थांबेपर्यंत त्यांनी गाडी खाली ठेवली नाही.

“मग ब्रेक घासत असेल.”

त्यानं स्वतः वाकून बघितलं. ब्रेक घासत नव्हता.

माझ्या जिभेवर आलं होतं. चाक घासत नाही, अडकत नाही, तरी थांबतं, म्हणजे कुणीतरी थांबवतंय. गाडीवर माणूस एकच आणि मागचा ब्रेक त्याच्या उजव्या पायाखाली. हे लेथवाल्याला कळलं, इंजिनिअरला कळायला किती वेळ? मी तोंड उघडणार तोच उस्तादांनी माझ्या दंडावर हात ठेवला.

अभिनंदन गाडी घेऊन वर गेला. या वेळी फार हळू गेला. तीनदा आणखी उतरला. तिन्ही वेळा मला हवेत पट्टा दिसला. तिसऱ्यांदा पडल्यावर तो उठलाच नाही. हेल्मेट न काढता पाचटात बसून राहिला.

त्यानंतर दोन दिवस तो आला नाही.

मी म्हटलं, “गेलं पोरगं.”

“गाडी हितं हाय,” उस्ताद म्हणाले.

तिसऱ्या दिवशी सकाळी आला. एसटीनं आला होता, अंगात घरचा शर्ट. उस्ताद बशीत चहा ओतत होते, मी समोर बसलो होतो. त्यानं स्टूल घेतलं नाही. खाली फरशीवर बसला.

“काल घरी खुर्चीत बसलो होतो,” तो म्हणाला. “डोळे मिटले आणि ती उडी आठवून बघितली. सगळी, पहिल्यापासून. उडीच्या टोकावरून गाडी सुटली... आणि माझा पाय दाबला गेला. खुर्चीत. चप्पल सरकली पुढं.”

उस्तादांनी बशी तोंडाला लावली.

“म्हणजे मीच मारतोय ब्रेक. हवेत.”

उस्ताद चहा पीत राहिले.

“वाईट सवय लागलीय पायाला.”

उस्तादांनी बशीत आणखी चहा ओतला.

“रिफ्लेक्स असतो तो. शरीराचा. त्याच्यावर उपाय...”

तो थांबला. बाहेर कुणीतरी ग्राइंडर चालू केलं आणि बंद केलं.

“हवेत गेलं ना, की...”

उस्तादांनी बशी अर्धी ठेवून त्याच्याकडे बघितलं. तेवढंच.

“...मला भ्या वाटतं, उस्ताद.”

पुण्याची भाषा कुठल्या कुठे गेली होती. खरं तर मी तिथून उठून जायला हवं होतं. गेलो नाही. दहा महिने गाडी बांधणारा तो ताठ मानेचा पोरगा मला त्या घडीला फार आवडला, एवढं सांगतो.

“किती?”

“लय.”

“कवापासनं?”

“पहिल्यापासनं. कुणाला सांगितलं न्हाई. मी म्हटलं, ताकद वाढली की जाईल.”

उस्तादांनी उरलेला चहा पिऊन टाकला, बशी पालथी घातली आणि खिशात हात घातला.

“ही किल्ली. इंजिन काढ.”

अभिनंदनला कळेना. “पण पाय अजून दाबतोय की. ठोकळ्यावर अजून सराव...”

“आता कशाला?”

त्या दिवशी दोघांनी मिळून इंजिन बसवलं. अभिनंदन तारेतला एकेक बोल्ट काढून देत होता. अर्ध्या कामात त्यानं विचारलं, “पिस्टन साधा घालू का? ताकद कमी करूया?”

“का?” उस्ताद म्हणाले. “इंजिन चांगलं बांधलंयस. असलं हेड ह्या उद्यमनगरात चार जण घासतील. त्यातले दोन म्हातारे झाले.”

इतक्या दिवसांत त्यांनी केलेलं हे पहिलं कौतुक. अभिनंदन खाली वाकून बोल्ट शोधायला लागला. बोल्ट त्याच्या हातातच होता.

“मग ब्रेकचं पेडल खाली घेऊ? पाय पोचणारच नाही असं?”

“आणि वळणावर काय करशील? अण्णांना हाक मारशील?”

पेडल जिथं होतं तिथंच राहिलं. उस्तादांनी एकच बदल केला. अभिनंदनला बूट, हेल्मेट, छातीवरचं कवच असं सगळं घालून गाडीवर उभं केलं आणि त्याच्या वजनानं गाडी किती खाली बसते ते टेपनं मोजलं. जवळजवळ बसतच नव्हती.

“शॉकअप कुणाच्या वजनावर लावलं होतंस?”

“एका चॅम्पियनच्या. त्याची सगळी मापं इंटरनेटवर मिळाली.”

“त्यो किती किलोचा?”

“पंच्याऐंशी.”

“तू?”

“एकसष्ट.”

“म्हणजे चोवीस किलोचा दुसराच कुणीतरी तुझ्या मागं बसवून पळत हुतास वर्षभर.”

मी हसलो. अभिनंदनही हसला, आणि शॉकअपच्या स्प्रिंगा एकसष्ट किलोला लागतील तशा बदलल्या.

पुढचे दहा-बारा दिवस रोज माळावर. आता गाडी आवाज करत होती, चढ स्वतः चढत होती. पट्टा मी रोज नवा ओढत होतो. पहिल्या दिवशी दहा उड्यांत सहा वेळा चाक थांबलं. मग चार. मग दोन. एके दिवशी एकदाही नाही, आणि दुसऱ्याच दिवशी पुन्हा तीन. उस्ताद आकडा विचारायचे आणि “बरं” म्हणायचे. सहाला जो “बरं” तोच शून्याला.

शर्यतीच्या दिवशी मैदानावर चांगली गर्दी होती. हौशी गटात चौदा गाड्या. मी दोरीला लागून उभा होतो, मोठ्या उडीच्या समोर. माझ्या शेजारी पांढऱ्या शर्टातले एक गृहस्थ येऊन उभे राहिले. कपाळावर केशरी टिळा, हातात छत्री.

“ह्या खेळात जिंकल्यावर काय मिळतं हो?” त्यांनी मला विचारलं.

“चषक.”

“आणि पडल्यावर?”

मी ओळखलं. हेच अण्णा.

“तो सहा नंबरचा माझा,” ते म्हणाले. “आज शेवटचं बघून घ्यावं म्हणून आलो.”

आठ फेऱ्यांची शर्यत. झेंडा पडला आणि चौदा गाड्या एकदम पहिल्या वळणात घुसल्या. धूळ खाली बसली तेव्हा सहा नंबर पाचवा होता. मोठी उडी आली. गाडी वर गेली. मला पट्ट्याची इतकी सवय झाली होती की मी चाकाकडेच बघत होतो. चाक फिरत होतं. गाडी सरळ गेली, सरळ उतरली.

अण्णा छत्रीकडे बघत होते.

“गेला पुढं,” मी सांगितलं.

“बरं,” ते म्हणाले.

सहाव्या फेरीत तो तिसरा होता. सातव्यात एका वळणावर बाहेर सरकला आणि चौथा झाला. शेवटच्या फेरीत मागची, पाचव्या जागेवरची गाडी त्याला लागून आली. दोघं एकदम मोठ्या उडीवर चढले, हँडलला हँडल. त्या गाडीनं वर जाता जाता याला कोपर मारलं. हवेत सहा नंबर तिरका झाला.

अण्णांनी माझं मनगट धरलं. मला वाटतं, त्यांना ते कळलंही नसेल.

मी बघत होतो. तिरक्या गाडीवर अभिनंदनचा उजवा पाय पेडलजवळ होता आणि बुटाचं टोक वर उचललेलं होतं. मुद्दाम, जोर लावून उचललेलं. चाक फिरत राहिलं. गाडी मागच्या चाकावर उतरली, एकदा डावीकडे झुकली, एकदा उजवीकडे, आणि पळाली.

चौथा आला.

अण्णांनी माझं मनगट सोडलं. नखांचे चार वळ उठले होते. त्यांनी छत्री बगलेत मारली, डोळे पुसले आणि धुळीला शिव्या दिल्या.

“सकाळपासनं काही खाल्लंय का त्यानं?” एवढंच विचारलं.

“पोहे खाल्ले.”

“मग ठीक.” आणि ते आपली मोटार लावली होती तिकडे चालत गेले. भंगाराचा विषय निघाला नाही.

मी मागे गेलो. जिथं गाड्या लावतात तिथं उस्ताद एका जुन्या टायरवर बसले होते. अभिनंदननं गाडी आणून स्टँडवर लावली, हेल्मेट काढलं. त्याचे हातमोजे निघेनात. मी ओढून काढून दिले.

“चौथा आलो.”

“कळलं.”

“पडलो न्हाई.”

“ते पण कळलं.”

उस्ताद उठले आणि फडकं घेऊन टाकीवरची माती पुसायला लागले. अभिनंदन तसाच उभा होता. जिंकलेल्यासारखा दिसत नव्हता, हरलेल्यासारखाही नाही. काहीतरी चोरून आणलंय आणि ते सांगावं की नाही, असा चेहरा होता.

“उस्ताद... ते गेलं न्हाई.”

“काय?”

“भ्या. मला वाटलं होतं, एकदा नीट उतरलो की जाईल. आठ फेऱ्या झाल्या. आठही वेळा तेवढंच होतं. शेवटच्या फेरीला तर जास्तच.” त्यानं मान खाली घातली. “तुम्ही एवढं केलंत, आणि ते हाय तिथंच हाय. हे जाणार कधी?”

उस्तादांनी टाकी पुसून पुरी केली. फडक्याची घडी घातली.

“जाईल त्या दिवशी गाडी माझ्याकडं आणून लाव,” ते म्हणाले. “आणि परत न्यायला येऊ नको.”